दारातली फरशी आणि पावसाळा

घराच्या दाराशी ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट पायांची. भिजलेल्या चपला, निथळत्या छत्र्या आणि वाऱ्याबरोबर येणारी झड यांनी दारातला चार-सहा फुटांचा पट्टा पावसाळाभर ओला राहतो. दुसरी वाट जमिनीखालची. मातीतले पाणी विटांच्या आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते आणि येताना क्षार आणते. पाणी उडून गेले की ते क्षार फरशीच्या सांध्यांवर पांढरे फुटतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. तिसरी वाट हवेची. पावसाळी दमट हवा जमिनीलगतच्या गार फरशीला टेकली की तिच्यातली वाफ निवून पाणी होते आणि थेंबही न सांडता फरशीला घाम येतो.

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण दोन ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत येतो. जुन्या घरांनी या पाण्याची सोय फरशीच्या आधी रचनेत केली होती. उंच जोते, पागोळ्या दूर टाकणारे लांब छप्पर, पाय धुण्यासाठी पायरीशी ठेवलेले पाणी, मग पडवी, मग ओटी असे टप्पे ओलांडून माणूस माजघरात जाई. फ्लॅटमध्ये हे सगळे टप्पे एका उंबरठ्यावर येऊन ठेपले आहेत. त्यामुळे तिथल्या फरशीला पाणी सोसावे लागते आणि ओल्या पायाला धरूनही ठेवावे लागते.

दोन कसोट्या

पहिली कसोटी पाणी शोषण्याची. कोरडी टाइल तोलतात, तिच्यात पाणी मुरवून पुन्हा तोलतात आणि वजनातली वाढ टक्क्यांत मांडतात. आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दाबून घडवलेल्या टाइलचे शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर ती सर्वांत घट्ट गटात मोडते. पोर्सेलीन आणि विट्रिफाइड टाइल या गटातल्या. १० टक्क्यांहून अधिक पाणी पिणाऱ्या टाइल भिंतीसाठी असतात; त्या दारात जमिनीवर लावू नयेत.

दुसरी कसोटी घसरण्याची, आणि खरेदीत तीच बहुधा राहून जाते. जर्मन पद्धतीच्या चाचणीत तेल लावलेल्या उतरत्या फळीवर बूट घातलेला माणूस चालतो आणि फळीचा कोन हळूहळू वाढवला जातो. पाय कोणत्या कोनाला घसरतो त्यावरून आर ९ ते आर १३ अशा श्रेणी ठरतात. आर ९ मध्ये हा कोन ६ ते १० अंश, आर १० मध्ये १० ते १९ आणि आर ११ मध्ये १९ ते २७ अंश असतो. छपराखालच्या दारासाठी आर १० आणि उघड्या पायरीसाठी आर ११ धरणे सुरक्षित. शोषणाची कसोटी सहज जिंकणारी चकचकीत विट्रिफाइड टाइल इथे मागे पडते: पाणी आत मुरत नाही म्हणून त्याचा थर वरच राहतो आणि तळवा त्यावरून सरकतो.

टाइलवर झिलई असेल तर झिजेचाही विचार करावा लागतो. चपलेबरोबर आलेला वाळूचा कण क्वार्ट्झचा असतो आणि मोहस् मापावर त्याची कठिणता ७ भरते. संगमरवराची जेमतेम ३. दारातली चमक सर्वांत आधी मरते ती यामुळे. झिलईच्या टाइलची झीज पीईआय श्रेणीने मोजतात. दारासाठी ४ किंवा ५ ही श्रेणी घ्यावी.

कोणती फरशी कुठे

शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला, कडप्पा आंध्रातला. तिन्ही चुनखडीचे दगड. बिनपॉलिशचे असतील तर ओल्या पायालाही धरतात आणि स्वस्तही पडतात. मात्र आम्ल त्यांना खाते, आणि आरशासारखे पॉलिश केले की त्यांची पकड जाते.

ग्रॅनाइट पाणी फारच कमी पितो आणि वाळूला दाद देत नाही. पायरीसाठी त्याचा फ्लेम फिनिश घ्यावा. त्यात दगडावर ज्योत फिरवतात, वरचे स्फटिक तडकून उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. आतल्या बाजूला लेदर फिनिश पुसायला सोपा जातो.

जांभा कोकणातला हक्काचा दगड असला तरी सच्छिद्र आहे. सावलीतल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ लवकर धरते, म्हणून त्या उन्हाच्या बाजूला बऱ्या. संगमरवर दारात टाळलेलाच बरा. तो डाग धरतो आणि झिजतोही.

टाइलमध्ये मॅट विट्रिफाइड ही सर्वसाधारण घरासाठी सुरक्षित निवड ठरते. फुल बॉडी टाइलचा रंग आरपार एकच असतो, त्यामुळे ओरखडा किंवा टवका उठून दिसत नाही.

लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीचा असतो. कडेने पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. एसपीसी फळ्यांचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा असल्याने फुगत नाही, पण सांध्यांतून खाली गेलेले पाणी तिथेच कोंडते. तळमजल्याच्या दारात म्हणून दगड किंवा टाइलच भरवशाची.

बसवणी

फरशी बसवण्याआधी तळाची ओल पाहावी. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिक कागद कोब्यावर चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून किमान १६ तास ठेवतात. कागदाखाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर आधी ओल रोखणारा थर द्यावा लागतो. नुसती फरशी बदलून लोणा थांबत नाही.

बाहेरच्या पायरीला आणि पडवीला बाहेरच्या बाजूने ढाळ हवा. दर मीटरला १ ते दीड सेंटिमीटर पुरतो. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा थोडी उंच ठेवून मध्ये ग्रॅनाइटची किंवा काळ्या पाषाणाची उंबरठ्याची पट्टी बसवली, की झडीचे पाणी तिथेच अडते. मात्र घरात म्हातारी माणसे किंवा चाकाची खुर्ची असेल, तर ही उंची अगदी कमी ठेवून ढाळावरच भर द्यावा.

टाइल एकमेकींना भिडवून बसवू नयेत. दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून ती इपॉक्सी ग्राउटने भरली, तर सांध्यातून पाणी शिरत नाही. टाइलखाली मसाला किंवा ॲडहेसिव्ह सर्वत्र लागलेले असावे. बोटाच्या पेराने वाजवल्यावर जिथे पोकळ आवाज येतो तिथे पाणी साठते आणि पुढे टाइल तिथेच तडकते.

निगा

दाराबाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे आणि आत पाणी टिपणारे सुती, अशी जोडी असली तर बरीचशी माती आणि पाणी बाहेरच राहते. ओले पायपुसणे दिवसभर एकाच जागी ठेवू नये. त्याखाली डाग पडतो. चुनखडीच्या फरशीवर ॲसिड, लिंबू किंवा चिंच वापरू नये. साध्या टाइलवरही ॲसिड सांध्यातले सिमेंट खाते. फरशी पुसायला साबणाचे सौम्य पाणी पुरते. घाम आलेली फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी होत नाही. कोरडे फडके फिरवून पंखा लावावा लागतो. पायरीवरचे शेवाळ ताठ ब्रशने घासून काढावे आणि हे काम मृगाच्या आधी उरकावे, कारण पाऊस सुरू झाल्यावर ते दर आठवड्याला पुन्हा धरते.