समुद्राने सोडलेली बंदरं

भूमध्य समुद्रातल्या क्रूझची कुठलीही जाहिरात घ्या. रोम, फ्लॉरेन्स, अथेन्स, ऑलिंपिया, एफिसस ही नावं ठळक अक्षरांत असतात. यांपैकी एकाही ठिकाणी जहाज लागत नाही. रोमसाठी ते चिविताव्हेक्कियाला थांबतं. तिथून शहर सुमारे ७० किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, अथेन्ससाठी पिरेयस, ऑलिंपियासाठी काताकोलो, एफिसससाठी तुर्कस्तानातलं कुशादासी. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, बसगाड्या रांगेने उभ्याच असतात आणि संध्याकाळी शिडी उचलण्याआधी परतायचं असतं. बसमधला वेळ प्रवाशांना फुकट गेल्यासारखा वाटतो. पण एफिसस किंवा रोमच्या वाटेवर खिडकीतून दिसणारी सपाट शेतं नीट पाहिली, तर या सहलीतला सगळ्यात मोठा इतिहास तिथेच पसरलेला असतो. त्या शेतांच्या जागी एकेकाळी पाणी होतं.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर हा फरक फूटभराच्या आसपास. नदीने आणलेली माती बाहेर ओढून नेणारी जोरकस ओहोटी नसल्याने ती मुखाशीच बसते. त्यात सुमारे ६,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढण्याचा वेग मंदावला आणि नद्यांना किनारा पुढे ढकलायला सवड मिळाली. उरलेलं काम माणसाने केलं. जहाजांसाठी आणि भट्ट्यांसाठी डोंगर तोडले, उतार नांगरले, त्यावर शेळ्या सोडल्या. डोंगरावरची माती खाली आली ती थेट बंदरात.

एफिससमध्ये ही गोष्ट पावलागणिक वाचता येते. सेल्ससच्या ग्रंथालयापुढे फोटो काढून झाले, की बहुतेक गट भव्य नाट्यगृहाशी येतात. त्यात २० हजारांहून अधिक माणसं बसत. त्याच्या पायथ्यापासून पश्चिमेला संगमरवरी फरसबंदीचा सरळ, रुंद रस्ता निघतो. लांबी ५०० मीटरहून जास्त, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. रात्री इथे दिवे लागत, अशी नोंद शिलालेखातच आहे. एवढ्या थाटाचा रस्ता पुढे जाऊन झुडपांत आणि दलदलीत संपतो. तिथे बंदर होतं. समुद्र आता तिथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. मधली सगळी जमीन आणली ती आज कुचुक मेंदेरेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नदीने.

हे बंदर वाचवायची धडपड काही शतकं चालली होती. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पर्गमनचा राजा दुसरा अत्तालस आणि त्याच्या अभियंत्यांना वाटलं, की बंदराचं तोंड बांध घालून अरुंद केलं तर आत पाणी खोल राहील. झालं उलटंच. समुद्राच्या पाण्याची ये-जा पूर्वी गाळ थोडाफार बाहेर नेत असे. बांधाने तो आत कोंडला. हे लिहून ठेवलंय भूगोलकार स्ट्रॅबोने. नीरोच्या काळात बारेआ सोरानस या सुभेदाराने बंदर उपसल्याचं टॅसिटस सांगतो. पुढे हेड्रियन बादशहानेही त्यात लक्ष घातलं. आणि दुसऱ्या शतकाच्या मध्याला अँटोनियस अल्बस या सुभेदाराने काढलेला एक हुकूम दगडावर कोरलेला सापडला आहे. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर ओंडके रचू नयेत, दगड कापणाऱ्यांनी तिथे दगड कापू नयेत. ओंडक्यांच्या वजनाने धक्का खचतो आणि कापताना वापरलेली कुरुंदाची पूड पाण्यात जाऊन खोली भरून टाकते, असं कारणही त्यात दिलं आहे. आजच्या एखाद्या बंदर-अधिकाऱ्याचं परिपत्रक वाचावं, तसा तो मजकूर आहे. हुकूम व्यापाऱ्यांना काढता येतो. नदीला काढता येत नाही. शेवटी शहरच उठलं.

रोमची अडचण याहून मोठी, कारण प्रश्न पोटाचा होता. इजिप्तहून येणारं धान्य उतरवायला टायबरच्या मुखाशी सुरक्षित जागा नव्हती. इ.स. ४२ मध्ये क्लॉडियस बादशहाने ओस्टियाच्या उत्तरेला पोर्टस हे कृत्रिम बंदर बांधायला घेतलं. त्याच्या दीपस्तंभाच्या पायासाठी एक अजस्र जहाज दगड भरून बुडवलं गेलं. याच जहाजातून कॅलिग्युलाने इजिप्तमधला एक अखंड पाषाणस्तंभ रोमला आणवला होता. वाटेत जहाज डोलू नये म्हणून तळाशी हजारो पोती भरतील एवढी मसूर ओतली होती, असं थोरला प्लिनी सांगतो. तो स्तंभ आज व्हॅटिकनला सेंट पीटरच्या चौकात मधोमध उभा आहे. रोज हजारो माणसं त्याच्या सावलीत उभी राहतात. त्याला आणणारं जहाज एका बंदराच्या पायात गेलं हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

एवढं करूनही क्लॉडियसचं बंदर उघडंच राहिलं. इ.स. ६२ च्या वादळात आत नांगरलेली २०० जहाजं बुडाली. मग ट्राजन बादशहाने आणखी आत, जमिनीवर षटकोनी गोदी खोदली. तिची प्रत्येक बाजू साडेतीनशे मीटरहून लांब. ती आजही पाण्याने भरलेली आहे, पण समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत, फ्युमिचिनो विमानतळाला लागून. विमानतळ बांधताना रोमन बोटींचे सांगाडे निघाले. त्याच ट्राजनने वरच्या खडकाळ किनाऱ्यावर दुसरं एक बंदर बांधलं. मुखाशी मोठमोठे दगड टाकून बेट कसं उभं केलं जात होतं, याचं वर्णन धाकट्या प्लिनीच्या एका पत्रात आहे. हेच चिविताव्हेक्किया. मुखाशी मोठी नदी नाही, म्हणून ते टिकलं. रोम पाहायला आलेली जहाजं आज ७० किलोमीटर लांब थांबतात, त्यामागे असा हिशेब आहे.

माल्टात याची दुसरी बाजू दिसते. बेटावर बारमाही नदी नाही, किनारा कातळाचा. त्यामुळे व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये जहाज आजही दोन किल्ल्यांच्या मधून थेट शहराच्या तटाखाली येतं. इस्तंबूलला मात्र लायकस या लहानशा ओढ्याने थिओडोसियसचं अख्खं बंदर बुजवलं. पुढे तिथे मळे झाले. लांगा या तिथल्या भागातली काकडी शहरात नावाजलेली होती. २००४ पासून भुयारी रेल्वेसाठी येनीकापीला खोदकाम सुरू झालं आणि त्या मळ्यांच्या खालून ३७ जहाजं निघाली.

व्हेनिसने तर नद्यांनाच हाकललं. खाजण बुजू नये म्हणून ब्रेंता, सिले, पियावे या नद्यांची मुखं काही शतकं खपून दुसरीकडे वळवली. गाळ थांबला. पुढे विसाव्या शतकात मोठ्या जहाजांसाठी खोल कालवे उपसले गेले आणि आता उलट खाजणाचा तळच वाहून जातोय. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून, सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे. जुन्या बंदरांना गाळ नडला, नव्यांना जहाजं नडू लागली आहेत. सँटोरिनीत २०२५ पासून ऐन हंगामात प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे २० युरो कर घेतला जातो, तो याच चिंतेतून.

मराठी प्रवाशाने नेपल्सला जहाज लागेल तेव्हा एक काम जरूर करावं. बहुतेक लोक थेट पॉम्पेईला जातात. त्याबरोबर तिथलं पुरातत्त्व संग्रहालयही पाहावं. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, ती तिथे आहे. उंची जेमतेम वीतभर, अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन लहान सेविका. ती भारतातली, हे पाहताक्षणी कळतं. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. व्हेसुव्हियस इ.स. ७९ मध्ये फुटला; म्हणजे त्याआधीच ही मूर्ती तिथे पोचली होती. पैठण आणि तेरचा माल भडोचला जाई, हे त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. कल्याण आणि सोपारा ही नावंही त्यात आहेत. सातवाहनांच्या बाजारपेठा आणि रोमच्या गोद्या एकाच व्यापाराची दोन टोकं होती.

त्या टोकांची गतही एकच झाली. सोपाऱ्याची खाडी बुजली. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पण लोकलमधून नालासोपाऱ्याला उतरणाऱ्यांना इथे बंदर होतं यावर विश्वास बसणार नाही. राजापूरलाही एकेकाळी गलबतं थेट पेठेपर्यंत येत. आपल्याकडे चांगली भरती-ओहोटी असूनही ती गाळाला पुरी पडली नाही, एवढी माती सह्याद्रीवरून उतरली.

बंदराचं आयुष्य समुद्र ठरवत नाही, पाठीमागचा डोंगर ठरवतो, हाच या सगळ्या सफरीचा निष्कर्ष. म्हणून क्रूझ निवडताना जहाजाला किती मजले आहेत हे नंतर पाहा. आधी नकाशा उघडा, बंदर आणि शहर यांतलं अंतर बघा, किनाऱ्यावर किती तास मिळतात ते विचारा. आणि कोकणात डोंगर उघडा करून काही उभं राहणार असल्याची बातमी वाचलीत, तर खालची खाडी कुठली आहे, हेही त्याच नकाशात शोधा.