माळ्यावरचा राजपुत्र

दिवाळीच्या आवराआवरीत माळा उतरवला की घराचा सगळा इतिहासच खाली येतो. आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ, शिवणयंत्राचं झाकण, लहानग्यांचा पाळणा. आणि हल्ली त्यांच्या जोडीला पिवळट पडलेला एक कॉम्प्युटरचा डबा, सीडींची चळत आणि दहा-बारा फ्लॉप्या. "देऊन टाक भंगारात," असं घरातलं कुणीतरी म्हणतं. तेवढ्यात मुलं सीडीवरचं नाव वाचतात आणि ओरडतात, "आई, यात बाबांचे खेळ आहेत!"

आता आली का पंचाईत? खेळ नव्या लॅपटॉपवर चढवायला जावं तर तो सरळ नाही म्हणतो. पडदा काळा तरी होतो, नाहीतर हे या कॉम्प्युटरवर चालणार नाही अशी पाटी तरी येते. मुलं हिरमुसतात. दुकानदाराला विचारावं तर तो म्हणतो, "जुनं झालं ताई, सोडून द्या." पण मैत्रिणींनो, सोडून देण्याची गरज नाही. लोणच्याची बरणी वर्षभर टिकवणाऱ्या आपल्या हातांना हे काही जड नाही. थोडं समजून मात्र घ्यायला हवं.

खेळ रुसतो का?

आपण सोलापूरकर. आपल्याला हे मागाच्या भाषेत लवकर कळेल. चादरीवरची नक्षी कशी उमटते? जॅकार्डला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. फ्रान्समध्ये जॅकार्डनं हे तंत्र १८०४ च्या सुमारास पुढं आणलं आणि पुढं कॉम्प्युटरची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं भोकांच्या पुठ्ठ्यांची युक्ती तिथूनच उचलली. आता एका मागासाठी कापलेले पुठ्ठे वेगळ्या मापाच्या मागाला लावले तर नक्षी उमटेल का? नाही. पुठ्ठ्यात खोट नसते, मागातही नसते. माप जुळत नाही, एवढंच.

खेळाचंही तसंच. १९९० च्या आसपासचे खेळ डॉस नावाच्या व्यवस्थेसाठी लिहिलेले होते. ते सोळा बिटांच्या मापाचे. आजचा विंडोज चौसष्ट बिटांचा. सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवणारा भागच त्यात ठेवलेला नाही. शिवाय त्या काळचे काही खेळ यंत्राच्या वेगावरच आपली चाल बेतायचे. आजच्या यंत्रावर ते चाललेच, तर माणूस पळायच्या आधीच खड्ड्यात पडलेला असतो!

आधी वय ओळखा

औषध देण्याआधी वैद्य वय विचारतात, तसं खेळाचंही आधी वय पाहावं. डबा, सीडी किंवा फाइलींच्या तारखा पाहिल्या की अंदाज येतो. ढोबळ मानानं तीन प्रकार आहेत.

पहिला, डॉसचे खेळ. ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे यातले आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले दोघं. दुसरा, विंडोज ९५ पासून २००१ साली आलेल्या एक्सपीपर्यंतचे. मोटरसायकलींचा ‘रोड रॅश’ त्यातलाच. तिसरा, इंटरनेटवर चालणारे फ्लॅशचे छोटे छोटे खेळ. फ्लॅशचा कारभार ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि ते सारे खेळ एकदमच गप्प झाले. त्यांच्यासाठी ‘रफल’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो बऱ्याच खेळांना पुन्हा बोलतं करतो.

डॉससाठी डॉसबॉक्स

२००२ सालापासून डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो. नव्या मागाच्या पोटात जुन्या मागाचं हुबेहूब सोंग उभं करावं, तसं हा करतो. खेळाला वाटतं, आपण जुन्याच कॉम्प्युटरवर आहोत!

कृती सोपी आहे. सी ड्राइव्हमध्ये ‘गेम्स’ नावाचं फोल्डर करा. त्यात खेळाचं अख्खं फोल्डर ठेवा. नाव आठ अक्षरांच्या आत असू द्या आणि मध्ये जागा सोडू नका, कारण डॉसला लांब नावं झेपत नाहीत. डॉसबॉक्स उघडला की ‘माउंट’, मग ‘सी’ आणि मग त्या गेम्स फोल्डरचा पत्ता टाइप करून एंटर करा. नंतर सी आणि पुढं विसर्गासारखी दोन टिंबं. मग ‘सीडी’ लिहून खेळाच्या फोल्डरचं नाव आणि शेवटी खेळाचं नाव. झालं!

खेळ फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ ११ एकत्र दाबा, वेग उतरतो. रेंगाळत असेल तर कंट्रोल आणि एफ १२. माउस चौकटीत अडकला तर कंट्रोल आणि एफ १० नं सुटतो. ऑल्ट आणि एंटर दाबलं की चित्र पडदाभर होतं. ही चार वाक्यं कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा, म्हणजे मुलं दर वेळी स्वयंपाकघरात हाका मारत येणार नाहीत.

विंडोजचे जुने खेळ

यांच्यासाठी इलाज विंडोजमध्येच आहे. खेळाच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘कम्पॅटिबिलिटी’ वर जा आणि एक्सपी किंवा त्याहून जुनं नाव निवडा. तिथंच रंग कमी करण्याची आणि पडदा ६४० बाय ४८० करण्याची सोय असते, तीही करून पाहा. कधी खेळ बत्तीस बिटांचा असतो, पण तो बसवणारा प्रोग्रॅमच सोळा बिटांचा निघतो आणि गाडी तिथं अडते. काही सीड्यांवर चोरी रोखण्याचं कुलूप असतं. त्यातली ‘सेफडिस्क’ सारखी कुलपं २०१५ साली आलेल्या विंडोज १० नं सुरक्षेसाठी बंदच केली. तिथं फार डोकं फोडू नये. असे कितीतरी खेळ नव्या यंत्रांसाठी तयार करून ‘जीओजी’ ही पोलंडमधली कंपनी २००८ पासून रीतसर विकते, ते घ्यावेत. आणि नुसती चव घ्यायची असेल तर इंटरनेट आर्काइव्हनं २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे मांडले आहेत. काही उतरवून घ्यायलाही नको.

मोठमोठ्या कंपन्यांचीही इथं तारांबळ उडते, बरं का. एक्सपीबरोबर येणारा पिनबॉलचा खेळ आठवतो? चौसष्ट बिटांच्या विंडोजसाठी तो बदलायला घेतला, तर चेंडू अडथळ्यांना न धडकता आरपार जाऊ लागला. दोष काही सापडेना. शेवटी पुढच्या विंडोजमधून मायक्रोसॉफ्टनं तो खेळच काढून टाकला.

एवढा खटाटोप कशासाठी?

"खेळच ना ते? मुलांना नवे काय थोडे आहेत?" असं तुम्ही म्हणाल. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. त्यांचे यजमान २०२१ च्या करोनात गेले. घरी दोन मुलगे. यजमानांचा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर माळ्यावर होता. तो सुरू होईना, पण दुकानदारानं त्यातली हार्ड डिस्क बाहेर काढली, यूएसबीची वायर जोडून त्यातलं सारं नव्या लॅपटॉपवर उतरवून दिलं. त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. तुरुंगातल्या राजपुत्रानं साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, असा तो खेळ. वेळेत सोडवणाऱ्याचं नाव आणि उरलेली मिनिटं खेळ एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. मुलांनी डॉसबॉक्सवर खेळ लावला आणि यादीत बाबांचं नाव! पुढं उरलेली मिनिटं, तीन.

वहिनी म्हणाल्या, "एवढा वेळ खेळत बसायचे, हे मला कधी सांगितलंच नाही हो त्यांनी!" आणि त्या कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या. थोरला आता रोज थोडा वेळ खेळतो. त्याला बाबांच्या नावाखाली आपलं नाव लावायचं आहे. धाकटा म्हणतो, मी वर लावणार.

दुकानदारानं खेळाचं फोल्डर अख्खं उतरवलं, म्हणून हे घडलं. खेळ दुसरीकडून नव्यानं आणला असता तर खेळ मिळाला असता, ते नाव मिळालं नसतं.

या खेळाचा जन्मही असाच घरगुती आहे. कर्ता जॉर्डन मेकनर यानं धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. संगीत त्याच्या वडिलांचं. १९८९ साली खेळ निघाला. पुढं त्याची मूळ संहिता असलेल्या फ्लॉप्याच हरवल्या. २०१२ साली वडिलांनी घरातलं कपाट आवरताना एक खोका उघडला, तर त्या त्यातच होत्या! जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि संहिता सगळ्यांसाठी खुली झाली. आवराआवरीत भंगारवाल्याला हाक मारण्याची घाई का करू नये, ते यावरून कळावं.

जपून, बायांनो

जुनी वस्तू हाती आली की खेळायच्या आधी तिची पूर्ण नक्कल करून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि नकलेवरच प्रयोग करा. फ्लॉपी जेमतेम १.४४ मेगाबाइटची, आणि ओल व बुरशी तिची वैरीण. लॅपटॉपला सीडीची खाच नसेल तर यूएसबीचा वेगळा ड्राइव्ह मिळतो, फ्लॉपीसाठीही मिळतो. मूळ सीडी आणि तिच्याबरोबरची पुस्तिका टाकू नका. प्रिन्सच्या मूळ खेळात तर पुढं जायला पुस्तिकेतलं अक्षर विचारतात! आपल्या हक्काच्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवायला आपल्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. मात्र ती वाटत सुटू नये.

‘जुने खेळ फुकट’ अशा भलत्यासलत्या ठिकाणांहून काही उतरवू नका. त्याच लॅपटॉपवर तुमचे बँकेचे व्यवहार असतात. खेळाबरोबर चोर घरात यायला वेळ लागत नाही. जुना एक्सपीचा कॉम्प्युटर अजून चालत असेल तर खुशाल खेळांसाठी ठेवा, पण त्याला इंटरनेट जोडू नका. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच थांबली आहे. तो दर वेळी तारीख विसरत असेल तर घाबरू नका, आतली रुपयाएवढी चपटी बॅटरी संपलेली असते. ती स्वस्तात मिळते.

हीच गत पुढं आपल्या आजच्या लॅपटॉपची व्हायची आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि आपल्या घरांतल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून आज मुलं जे खेळतात, लिहितात, रंगवतात, त्याचीही एक प्रत दर सुट्टीत काढून ठेवावी. डब्यावर वर्ष लिहावं, कुणाचं आहे ते लिहावं आणि मगच माळ्यावर चढवावं.