चित्राची किंमत

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील एक मराठी दांपत्य आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तक्रार अशी, की दिवसभर चित्रांत रमणारी ही मुलगी अलीकडे खडूला हातही लावत नाही. बोलता बोलता उलगडा झाला. मुलीला उत्तेजन मिळावे आणि बचतीची सवयही लागावी, या सद्हेतूने वडिलांनी प्रत्येक चित्रामागे दहा रुपये देऊ केले होते. पहिल्या आठवड्यात चित्रांचा पाऊस पडला. मग चित्रे लहान होत गेली, रंग कमी झाले. पुढे पुढे एका कागदावर दोन डोंगर आणि एक सूर्य, एवढेच. "हे धरून किती झाले, बाबा?" हा प्रश्न मात्र न चुकता येई. कंटाळून वडिलांनी पैसे थांबवले आणि चित्रेही थांबली.

ही हकिगत ऐकताना १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला आठवला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढल्यास सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने पुन्हा मांडली गेली, तेव्हा बक्षीस ठरवून चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ तेथे रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. घात केला होता तो आधी ठरलेल्या सौद्याने.

भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांना हे उमगण्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. मूळचे वकील असलेल्या या शिक्षकाने शिक्षेइतकाच बक्षिसालाही विरोध केला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बालशिक्षणाचे हे कार्य बोर्डी-कोसबाडपर्यंत नेले. आणि आपण? परीक्षेआधीच टक्क्यांचा हिशेब मांडून सायकल किंवा मोबाइल कबूल करतो!

अर्थात सरसकट सारीच बक्षिसे वाईट, असे मी म्हणणार नाही. ज्या कामात मुलाला मुळीच रस नाही, तेथे लहानसे आमिष सुरुवात करून देते. गमावण्यासारखी गोडीच तेथे नसते.

त्या वडिलांना मी एवढेच सुचवले, की मुलीला चित्र काढायला सांगू नका. रोज थोडा वेळ स्वतःच कागद-खडू घेऊन बसा. "मला तर साधी गायही काढता येत नाही," ते संकोचून म्हणाले. काही दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. चित्रांचे पैसे मुलीच्या बचत खात्यात तसेच होते. त्यांचा विषय कोणी काढला नव्हता. चौथ्या संध्याकाळी ती मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, गाईची शिंगं अशी नसतात." मग तिने त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.