दारातला मुनीम

आमच्या वाचनालयाचा सगळा संसार एका फाइलीत मावतो: एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांचा हा २००० सालचा डेटाबेस. त्याला सर्व्हर लागत नाही, त्यामुळे दारात विचारणारंही कुणी नसतं. म्हणून फाइल आणि चॅटबॉट यांच्या मध्ये मी एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) सर्व्हर बसवला. हा प्रोटोकॉल २०२४मधला. ‘कुणाकडे पुस्तकं थकलीत?’ असं मी चॅटबॉटला विचारतो. तो एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहून जेसॉनच्या पाकिटात धाडतो, सर्व्हर ते फाइलीवर चालवतो आणि फक्त उत्तर परत देतो.

पहिल्याच दिवशी मी चॅटबॉटला फाइलीत लिहायचीही मुभा देऊन बसलो (हौस, दुसरं काय!) आणि थकलेली चाळीस पुस्तकं एका झटक्यात ‘जमा’ झाली. आदल्या रात्रीची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावलं. आता फाइल वाचण्यापुरतीच उघडते. जमा-नावे मी हातानंच करतो.