नव्याचा सण : मनाच्या जमाखर्चाचे दहा दिवस
तिश्री महिन्याच्या प्रतिपदेस येणारे यहुदी नववर्ष, ज्याला कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज ‘नव्याचा सण’ म्हणत आला, ते चांद्रगणनेमुळे पुष्कळदा घटस्थापनेच्या आगेमागे पडते. २०२२ आणि २०२५ साली तर दोन्ही अगदी खेटून आले. त्या दिवशीची मुख्य आज्ञा मेंढ्याचे शिंग फुंकण्याची नसून त्याचा नाद ऐकण्याची आहे. एक सलग स्वर, मग तीन तुटक उसासे, मग नऊ बारीक कंप, असा तो सभास्थानात उमटत असता चित्तातील इतर व्यवधाने आपोआप गळून पडावीत, ही योजना मला मोठी मार्मिक वाटते. नववर्षापासूनचे दहा दिवस मनाच्या जमाखर्चाचे, आणि त्यांत मध्येच नारळाच्या रसातील गोड खिरीचा सण येतो. या दिवसांत, ज्याचे मन आपण दुखावले त्याची क्षमा स्वतः जाऊन मागावयाची, कारण माणसाविरुद्धच्या अपराधाची माफी परस्पर ईश्वराच्या दरबारात मंजूर होत नाही. आणि दहाव्या दिवशी, ‘दारफळणीच्या सणा’ला, पूर्वी दारे लावून कडक उपवास होई.

नाद ऐकून चित्त एकवटते, तसेच श्वासाकडे लक्ष देऊनही; मावळात ही श्वासावधानाची विद्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्रयोगशाळेत रुजू केली. शिंगाचा नाद ऐकावयाचा तर मात्र लोणावळ्याहून पुणे गाठावे; तेथे रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो किंवा लष्करातील लाल देऊळ ही यहुदी सभास्थाने आहेत.