कथात्म वाङ्मयातील हावभावांची शब्दयोजना

कथा-कादंबरीतील पात्राचा हावभाव शब्दांत उतरविणे हे वरवर पाहता सोपे कार्य वाटते. शरीराची हालचाल हेरली आणि तिला नाव दिले की काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु मराठीत एकच हालचाल अनेक वाक्यरूपांनी सांगता येते, आणि रूपागणिक पात्राच्या वर्तनाचा अर्थ पालटतो.

समजा, लग्नाच्या बैठकीत वरपक्षाने हुंड्याचा आकडा उच्चारला आणि सर्वांची दृष्टी वधूपित्याकडे वळली. लेखकापुढे निदान तीन वाक्ये उभी राहतात : ‘त्यांनी मान खाली घातली’, ‘त्यांची मान खाली गेली’ आणि ‘त्यांनी मान हलविली’. पहिल्यात क्रियापद सकर्मक असून पिता कर्ता आहे. मान खाली घालणे ही त्याची कृती ठरते. दुसऱ्यात ‘मान’ हीच कर्तृस्थानी आली असून पित्याकडे केवळ षष्ठीचा संबंध उरतो. जे घडले ते त्याने केलेले नाही, त्याच्यावर ओढवलेले आहे. तिसरे वाक्य संदिग्ध आहे, कारण मान होकारार्थीही हलते व नकारार्थीही. ‘डोलावली’ म्हटले तर मात्र ती होकाराकडे झुकते. मुलीच्या भवितव्याचा किती दोष पित्याच्या पदरी घालावयाचा, याचा निवाडा वाचक या एका क्रियापदावरून करीत असतो.

दुसरी अडचण वाक्प्रचारांची. ‘तोंडात बोट घातले’ किंवा ‘कपाळाला हात लावला’ असे म्हटल्याने ती हालचाल प्रत्यक्ष झालीच, असे सिद्ध होत नाही. ‘बोटे मोडणे’ याचे तर दोन परस्परविरोधी अर्थ आहेत : कुणाच्या नावाने मोडली तर तळतळाट, लेकराच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर मोडली तर वात्सल्य. प्रत्यक्ष हालचालच अभिप्रेत असेल, तर वाक्प्रचारात नसलेला एखादा तपशील जोडावा लागतो : ‘कपाळाला लावलेला हात बराच वेळ तिथेच राहिला.’ उलट, ‘रागाने डोळे वटारले’ यातील ‘रागाने’ हे पद अनावश्यक होय. ‘वटारणे’ या क्रियापदात तो राग आधीच आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात शिरोभिनयाचे १३ प्रकार सांगितले आहेत. तेथे हालचालीचे लक्षण आणि तिचा विनियोग यांचा निर्देश वेगवेगळा येतो. मस्तक हळूहळू वर-खाली हलले तर ‘आकंपित’. तीच गती त्वरेने व पुनःपुन्हा झाली तर ‘कंपित’. पॉल एकमन व वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये केलेल्या वर्गीकरणातही, समाजात निश्चित शब्दार्थ लाभलेल्या खुणा इतर हालचालींपासून निराळ्या काढल्या आहेत.

कथालेखकाला आणि विशेषतः भाषांतरकाराला हाच विवेक उपयोगी पडतो. अवयव कोणता हलला, हा प्रश्न दुय्यम होय. ती हालचाल पात्राने केली की त्याच्याकडून झाली, हे प्रथम ठरवावे. क्रियापद त्यानंतर निवडावे.