आऽऽक्छी... आणि मग?

लकडगंजात राहायचं म्हणजे लाकडाच्या भुशाशी दोस्ती हवीच. पण सातव्या महिन्यात असलेल्या माझ्या मैत्रिणीला परवा आरा मशीनसमोरून जाताना अशी जोरदार शिंक आली की, ऑफिसला निघालेली ती अर्ध्या रस्त्यातून घरी परतली. बॉसला मेसेज गेला, ‘बरं वाटत नाही.’ खरं कारण? शिंकेसोबत थोडी लघवी झाली होती. आता हे बॉसला काय सांगणार, कप्पाळ?

आईचं उत्तर ठरलेलं, ‘या दिवसांत होतंच गं.’ होतं, कबूल! खूपजणींना होतं. पण म्हणून गपचूप सोसायलाच हवं, असं कुणी सांगितलं?

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशयाला खालून झोळीसारखे तोलून धरणारे स्नायू म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर. गरोदरपणात झोळीवरचं ओझं वाढतं, हार्मोन्समुळे ती सैलही पडते. त्यात शिंक, खोकला किंवा खदखदून हसणं... झालं काम!

मॅडमनी यावर शोधलेला उपाय म्हणजे पाणीच कमी पिणं. तेही नागपूरच्या उन्हाळ्यात, जिथे पारा 45 गाठतो! पाणी कमी पडलं की लघवी तीव्र होते, जळजळ आणि इन्फेक्शनची भीती वाढते, वर बद्धकोष्ठता. आणि कुंथलं की पुन्हा त्याच स्नायूंवर ताण.

त्यापेक्षा केगेल करा. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला. भर मीटिंगमध्ये गॅस रोखताना जे स्नायू आवळता ना, तेच! आवळून आत-वर ओढा, जमेल तितकं, हळूहळू आठ-दहा आकड्यांपर्यंत धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना मध्येच थांबवून सराव मुळीच नको. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळा, ही युक्ती तर लगेच कामी येते. बाकी फरक दिसायला तीनेक महिने लागतात, म्हणून बाळंतपणानंतरही सुरू ठेवायचं. आणि त्रास नसेल तर आत्ताच सुरू करा. कॉक्रेनच्या 2020 च्या आढाव्यानुसार, सुरुवातीपासून हा व्यायाम करणाऱ्यांना शेवटच्या महिन्यांत गळतीचा धोका 62 टक्क्यांनी कमी असू शकतो.

जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर डॉक्टरांकडे जा. सतत पाणी झिरपतंय, थांबवताच येत नाही? मग ती लघवी नसून गर्भजल असू शकतं. थेट हॉस्पिटल गाठा.

‘डॉक्टरांना सांगितलंस?’ मी विचारलं. ‘त्यांनी विचारलंच नाही!’ पुढच्या व्हिजिटला तिने स्वतःच विषय काढला. आता टेलिफोन एक्स्चेंजला मेट्रोत बसली की सीताबर्डी येईपर्यंत तिचा एक राउंड पूर्ण होतो. समोरच्याला वाटतं, बाई मोबाइल बघतेय.